लिनक्सवर विंडोजचं सॉफ्टवेअर चालवायचंय? वाइन वापरा, पण प्रत्येक प्रोग्रामला वेगळं घर द्या

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि धडधाकट चालणारं मशीन टाकून कशाला द्यायचं म्हणून बऱ्याच जणांनी त्यावर लिनक्स टाकलं. पुढे सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ब्राउझर मिळाला, ऑफिसचं काम होतंय, व्हिडिओ दिसतायत, पण ते एक सॉफ्टवेअर, जे फक्त विंडोजवरच चालतं आणि ज्याच्याशिवाय आपलं काम होतच नाही, त्याचं काय करायचं? मग कोणीतरी सांगतं वाइन टाक, आपण टाकतो, ईएक्सईवर (विंडोज प्रोग्रामच्या फाइलवर) डबल क्लिक करतो, काहीतरी एरर येते, दोनचार उपाय करून बघतो, आणखी बिघडतं, आणि शेवटी वाइन बेकार आहे असं म्हणून परत विंडोज टाकायला बसतो. मी वाइन बरीच वर्षं वापरतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की निम्म्याहून जास्त वेळा दोष वाइनचा नसतो, एकाच फोल्डरमध्ये सगळे प्रोग्राम कोंबल्याचा असतो. ते कसं टाळायचं तेच मुख्यतः सांगणार आहे, बाकीच्या गोष्टी ओघाने येतील.

एक आधीच सांगतो, कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, आणि कॅपिटल म्हटलं नसेल तिथे सगळी लहान अक्षरं.

आधी वाइन काय करतं ते समजून घ्या, कारण हे कळलं की एरर वाचताना अर्धं काम होतं. वाइन म्हणजे "वाइन इज नॉट अॅन इम्युलेटर", नावातच सांगितलंय की हा इम्युलेटर नाही. तुमच्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरला विंडोजचा प्रोग्राम काय आणि लिनक्सचा काय, आतल्या सूचना सारख्याच असतात. फरक दोन गोष्टींचा असतो. एक म्हणजे फाइलची रचना, विंडोजची ईएक्सई पीई नावाच्या फॉरमॅटमध्ये असते आणि लिनक्सची ईएलएफमध्ये. दुसरं म्हणजे प्रोग्राम सिस्टिमकडे जे मागतो ते, म्हणजे ही फाइल उघड, इथे खिडकी काढ, हा आवाज वाजव, हे सगळं विंडोजमध्ये कर्नल३२, युजर३२ असल्या डीएलएलकडे (प्रोग्रामना लागणारी तयार फंक्शन असलेल्या फाइल्सकडे) मागितलं जातं. वाइन काय करतं तर ती ईएक्सई मेमरीत लोड करतं आणि त्या डीएलएलच्या जागी स्वतः लिहिलेल्या डीएलएल ठेवतं, प्रोग्रामने फाइल उघड म्हटलं की वाइन ती लिनक्सच्या पद्धतीने उघडून देतं आणि प्रोग्रामला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. मध्ये दुसरं अख्खं कॉम्प्युटर उभं केलेलं नसतं, म्हणून साधे प्रोग्राम जवळजवळ विंडोजइतक्याच वेगात चालतात.

हे काम १९९३ पासून चालू आहे, तेव्हा विंडोज ३.१ चे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचे एवढाच उद्देश होता. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड हा माणूस प्रोजेक्ट सांभाळतोय, आणि १.० आवृत्ती आली ती १७ जून २००८ ला, म्हणजे तब्बल १५ वर्षांनी. मायक्रोसॉफ्टचा कोड न बघता, फक्त बाहेरून वागणूक तपासून हजारो फंक्शन परत लिहायची म्हणजे किती चिकाटी लागली असेल, मला याचं खरंच मनापासून कौतुक वाटतं. आता दरवर्षी जानेवारीच्या आसपास एक स्टेबल आवृत्ती येते आणि साधारण दर दोन आठवड्यांनी डेव्हलपमेंट आवृत्ती.

इन्स्टॉल करण्याआधी पाच मिनिटं एक काम करा. त्याच कामाचा लिनक्सवरचा प्रोग्राम आहे का ते बघा, असेल आणि तुमच्या फाइल्स त्यात उघडत असतील तर वाइनच्या वाटेला जाऊच नका. नसेल तर वाइनच्या अॅपडीबी या यादीत तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव शोधा, तिथे लोकांनी प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि गार्बेज असे शेरे दिलेले असतात. फक्त शेरा बघून थांबू नका. कुठल्या आवृत्तीवर आणि कधी तपासलंय तेही बघा, दहा वर्षांपूर्वीचं गार्बेज आज मस्त चालत असू शकतं आणि जुनं प्लॅटिनम नव्या आवृत्तीला लागू होईलच असं नाही.

काय चालत नाही तेही आधीच माहीत असलेलं बरं. ज्या सॉफ्टवेअरला कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, स्वतःचा ड्रायव्हर लागतो ते चालत नाही, कारण वाइन कर्नलच्या वरच्या थरात काम करतं, खाली लिनक्सचाच कर्नल असतो. म्हणजे काही यूएसबी डोंगलवाली सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, डिस्कशी थेट खेळणारी टूल्स, आणि कर्नलमध्ये बसणारं अँटी-चीट असलेले ऑनलाइन गेम्स, हे सोडून द्या. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७, २०१० अशा जुन्या आवृत्त्या बऱ्यापैकी चालतात, पण नव्या सबस्क्रिप्शनवाल्या ऑफिसवर किंवा अडोबीच्या नव्या क्लाउडवाल्या प्रोग्रामवर रोजचं काम अवलंबून असेल तर वाइनच्या भरवशावर राहू नका, व्हर्च्युअल मशीन (लिनक्सच्या आत चालणारं अख्खं विंडोज) घ्या. उलट एक गोष्ट वाइनला जमते जी ६४-बिट विंडोजला जमत नाही, ती म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालवणं. शुद्ध डॉसचा प्रोग्राम असेल तर मात्र डॉसबॉक्स वापरा, ते त्याचंच काम आहे.

आता इन्स्टॉल. फेडोरावर सुडो डीएनएफ इन्स्टॉल वाइन, आर्चवर सुडो पॅकमॅन डॅश एस (हा एस कॅपिटल) वाइन, उबुंटू आणि मिंटवर सुडो एपीटी इन्स्टॉल वाइन. उबुंटू-मिंटच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतलं (पॅकेजच्या साठ्यातलं) वाइन बरेचदा जुनं असतं, त्यामुळे प्रोग्राम नवा असेल तर वाइनएचक्यूची रिपॉझिटरी जोडून वाइनएचक्यू-स्टेबल नावाचं पॅकेज घ्या, पायऱ्या त्यांच्या साइटवर तुमच्या डिस्ट्रोच्या, म्हणजे उबुंटू, मिंट वगैरे जे असेल त्याच्या, आवृत्तीप्रमाणे दिलेल्या असतात. तिथे एक पायरी असते ती ३२-बिट आर्किटेक्चर जोडण्याची, ती उगाच वाटते म्हणून गाळू नका, कारण प्रोग्राम ६४-बिट असला तरी त्याचा इन्स्टॉलर ३२-बिट असतो असं खूपदा होतं. वाइन ९.० पासून ३२-बिट लिनक्स लायब्ररींशिवाय ३२-बिट प्रोग्राम चालवायची नवी सोय आली आहे आणि काही डिस्ट्रो आता फक्त तीच वापरतात, पण तुमच्या पॅकेजमध्ये काय आहे हे नक्की माहीत नसेल तर साइटवर सांगितलंय तसंच करा. सोबत वाइनट्रिक्स नावाचं पॅकेज पण टाका, प्रोग्रामला कमी पडणाऱ्या डीएलएल, फॉन्ट वगैरे तेच टाकून देतं, ते लागणारच आहे.

आणि टाकल्यावर लगेच ईएक्सईवर डबल क्लिक करू नका. इथेच घोळ सुरू होतो.

डबल क्लिक केलं की वाइन तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट वाइन नावाचं एक लपलेलं फोल्डर बनवतं, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसेल. त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्याच्या आत ड्राइव्ह_सी म्हणजे तुमची खोटी सी ड्राइव्ह, तिच्यात विंडोज, प्रोग्राम फाइल्स सगळं, आणि बाहेर सिस्टिम डॉट रेग, युजर डॉट रेग या साध्या टेक्स्ट फाइल्स म्हणजे रजिस्ट्री. एक प्रीफिक्स म्हणजे एक छोटं विंडोज इन्स्टॉलेशनच समजा. तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रत्येक प्रोग्राम याच एका घरात येऊन राहतो, मग एकाला जुनी डॉटनेट (बऱ्याच विंडोज प्रोग्रामना लागणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) हवी असते, दुसऱ्याला नवी, एकासाठी तुम्ही विंडोजची आवृत्ती एक्सपी करता आणि दुसरा म्हणतो मला विंडोज १० हवं, आणि तीन महिन्यांनी काय केल्यामुळे काय बिघडलं हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून एक प्रोग्राम, एक प्रीफिक्स. होम फोल्डरमध्ये एक साधं फोल्डर करा, वाइनघर म्हणा, आणि त्यात प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा प्रीफिक्स. बाहेरचं फोल्डर आधी हाताने बनवून ठेवा, आतलं वाइन बनवेल. टर्मिनलमध्ये आधी कॅपिटल अक्षरांत वाइनप्रीफिक्स हा शब्द, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, त्याला चिकटून फोल्डरचा पूर्ण पत्ता, म्हणजे स्लॅश होमपासून सुरू होणारा, मग एक स्पेस आणि मग वाइनसीएफजी. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस द्यायची नाही, दिली की कमांडचा अर्थच बदलतो. एंटर मारलं की नवं घर तयार होतं, वाइन मोनो टाकायचं का असं विचारलं तर हो म्हणा, डॉटनेटच्या प्रोग्रामसाठी ते लागतं (मोनो प्रोजेक्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने वाइनच्याच लोकांकडे सोपवला, त्यामुळे त्याची देखभाल आता तिथेच होते), आणि मग सेटिंगची खिडकी उघडते. यापुढे त्या प्रोग्रामसाठी जी कमांड द्याल तिच्यापुढे हाच वाइनप्रीफिक्सचा भाग लावायचा. दरवेळी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर टर्मिनल उघडल्यावर एकदा एक्सपोर्ट शब्द पुढे लावून तोच भाग द्या, ती खिडकी बंद होईपर्यंत चालतो.

खूप जुना प्रोग्राम असेल तर पूर्वी वाइनआर्च (कॅपिटलमध्ये) बरोबर विन३२ असं पुढे लावून शुद्ध ३२-बिट प्रीफिक्स बनवायचा सल्ला द्यायचे. तो अजूनही काही ठिकाणी उपयोगी पडतो, पण फक्त प्रीफिक्स पहिल्यांदा बनवतानाच, नंतर बदलता येत नाही, आणि वर म्हटलेल्या फक्त नव्या पद्धतीच्या बिल्डमध्ये ३२-बिट प्रीफिक्स बनतच नाही. त्यामुळे आधी साध्या प्रीफिक्समध्ये करून बघा.

घर तयार झालं की इन्स्टॉलर चालवा. ज्या फोल्डरमध्ये इन्स्टॉलर आहे तिथे सीडी करून जा आणि मग वाइन स्पेस सेटअप डॉट ईएक्सई. फाइल एमएसआय असेल तर वाइन एमएसआयएक्झेक स्लॅश आय आणि मग फाइलचं नाव. इन्स्टॉल झाल्यावर प्रोग्राम चालवतानाही त्याच्या फोल्डरमध्ये जाऊनच चालवा, कारण बरेच जुने प्रोग्राम आपल्या बाकीच्या फाइल्स आत्ता जिथे उभे आहोत तिथेच शोधतात आणि सापडल्या नाहीत की चुपचाप बंद होतात. मेन्यूत आलेल्या शॉर्टकटला ही अडचण येत नाही, तो जागा धरूनच चालवतो.

आणि वाइन चालवताना सुडो, म्हणजे अॅडमिनचे अधिकार देणारा शब्द, कधीही लावायचं नाही, पॅकेज टाकताना लागलं तेवढंच. कधीही म्हणजे कधीही. सुडोने वाइन चालवलं तर एक तर परक्या ईएक्सईच्या हातात अख्ख्या मशीनच्या किल्ल्या जातात, आणि दुसरं म्हणजे प्रीफिक्समधल्या फाइल्सचा मालक रूट (लिनक्सचा अॅडमिन) होतो आणि मग साध्या युजरने चालवलं की नाना तऱ्हेच्या विचित्र एरर येत राहतात. तसंच तुमच्या डिस्कवर खरं विंडोज असेल तर त्याची सी ड्राइव्ह वाइनला सी म्हणून देऊ नका, तिकडचंही बिघडेल आणि इकडचंही. प्रीफिक्स एनटीएफएसच्या (विंडोजच्या फॉरमॅटच्या) पार्टिशनवरही ठेवू नका, लिनक्सच्या फाइलसिस्टिमवरच ठेवा, नाहीतर मालकी आणि लिंक यांचा गोंधळ होतो.

समजा प्रोग्राम उघडला नाही. आता टर्मिनलमध्ये काय आलंय ते शांतपणे वाचा. फिक्समी ने सुरू होणाऱ्या शंभर ओळी येतील, त्यांनी घाबरायचं कारण नाही, त्या वाइनच्या डेव्हलपरसाठीच्या नोंदी असतात आणि मजेत चालणारे प्रोग्रामही त्या ढिगाने काढतात. ईआरआर ने सुरू होणाऱ्या ओळी बघायच्या. तिथे इम्पोर्ट_डीएलएल असा शब्द आणि पुढे अमुक डीएलएल नॉट फाउंड असं दिसलं तर तुमचं नशीब चांगलं, कारण कमी काय आहे ते थेट सांगितलंय. एमएफसी४२ सापडत नसेल तर वाइनट्रिक्समध्ये एमएफसी४२ आहे, एमएसव्हीसीपी१४० सारखं नाव असेल तर व्हीसीरन२०२२ टाका, अक्षरं वेडीवाकडी किंवा बटणांच्या बाहेर जात असतील तर कोअरफॉन्ट्स टाकून बघा. वाइनट्रिक्सच्या कमांडच्या पुढेही तोच वाइनप्रीफिक्स लावायचा हे विसरू नका, नाहीतर सगळं जाऊन बसेल जुन्या डॉट वाइनमध्ये आणि तुम्ही म्हणाल टाकलं तरी चालत नाही.

डीएलएलचं नाव सर्च करून कुठल्यातरी साइटवरून ती एक फाइल उतरवून प्रीफिक्समध्ये टाकायचा मोह आवरा. काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. आणि खऱ्या विंडोजमधून कर्नल३२, एनटीडीएलएल, युजर३२, जीडीआय३२ या उचलून आणल्या तर वाइन चालूच शकत नाही, कारण वाइनचा सगळा जीवच त्यांच्यात आहे. वाइनट्रिक्सवरही सगळं एकदम टाकू नका. एक टाका, चालवून बघा, फरक नाही पडला तर मागे या.

मागे कसं यायचं? प्रीफिक्स हे फक्त एक फोल्डर आहे. काही बदल करायच्या आधी त्याची कॉपी काढून ठेवा, बिघडलं तर बिघडलेलं उडवा आणि कॉपी परत जागेवर आणा, विंडोजवर सिस्टिम परत टाकायला अर्धा दिवस जायचा तिथे हे दोन मिनिटांत होतं. कॉपी सीपी डॅश ए ने करा किंवा टार करून ठेवा. हे मुद्दाम सांगतोय कारण प्रीफिक्सच्या आत डॉसडिव्हायसेस नावाचं फोल्डर असतं आणि त्यात झेड नावाची लिंक थेट तुमच्या रूट फोल्डरला, म्हणजे अख्ख्या डिस्कला जोडलेली असते, लिंकच्या मागे जाऊन आत शिरणारं बॅकअपचं टूल वापरलं तर ते पूर्ण डिस्क कॉपी करायला बसेल. कॉपी काढायच्या आधी वाइनसर्व्हर डॅश के देऊन त्या प्रीफिक्समधलं सगळं बंद करा, कारण रजिस्ट्रीतले बदल मेमरीत असतात आणि फाइलमध्ये थोडे उशिरा लिहिले जातात.

अजून एक. प्रोग्रामला जे माय डॉक्युमेंट्स दिसतं ते सहसा तुमच्या खऱ्या डॉक्युमेंट्स फोल्डरची लिंक असते. फायदा असा की प्रीफिक्स उडवला तरी फाइल्स राहतात. तोटा असा की प्रीफिक्सच्या कॉपीत त्या येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायला हवा. नको असेल तर वाइनसीएफजीमध्ये डेस्कटॉप इंटिग्रेशनच्या टॅबवर ती लिंक काढता येते.

हा झेडचा मुद्दा सुरक्षेसाठी पण महत्त्वाचा आहे. वाइन म्हणजे कोंडवाडा नाही. तुम्हाला ज्या फाइल्स उघडता येतात त्या सगळ्या वाइनमधल्या प्रोग्रामलाही उघडता येतात, म्हणजे विंडोजसाठी लिहिलेला रॅन्समवेअर तुमचे फोटो इथेही लॉक करू शकतो. लिनक्सवर व्हायरस येत नाही असं म्हणत कुठूनही आणलेली ईएक्सई चालवू नका. शंका असेल तर वाइनसीएफजीच्या ड्राइव्ह्जमधून झेड काढून टाका, पण तेवढ्यानेही पूर्ण संरक्षण मिळत नाही, तसल्या फाइलसाठी नेट बंद केलेलं व्हर्च्युअल मशीनच बरं.

वाइनसीएफजीतल्या बाकीच्या गोष्टींपैकी तीनच रोज लागतात. पहिल्या टॅबवर विंडोजची आवृत्ती, नव्या प्रीफिक्समध्ये विंडोज १० असते, जुना प्रोग्राम नखरे करत असेल तर फक्त त्या ईएक्सईपुरती एक्सपी किंवा ७ करता येते. ग्राफिक्समध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप, फुलस्क्रीनमध्ये जाऊन अडकणाऱ्या जुन्या प्रोग्रामला चौकटीत ठेवायला उत्तम. आणि तिथेच डीपीआय, मोठ्या रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर ९६ चं १४४ किंवा १९२ करा. युनिकोडच्या आधीच्या परभाषेतल्या प्रोग्राममध्ये मेन्यूत नुसते कचऱ्यासारखे अक्षरगुच्छ दिसत असतील तर ते फॉन्टमुळे नसतं, त्या भाषेची लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) लागते. जपानी प्रोग्राम असेल तर लिनक्समध्ये जपानी लोकेल तयार करून कमांडच्या पुढे एलसी_ऑल (कॅपिटलमध्ये) बरोबर जपानी लोकेल असं लावा.

आता ज्या गोष्टीने माझे सर्वात जास्त दिवस खाल्ले ती सांगतो, सिरियल पोर्ट. माझ्याकडे तापमान नोंदवणारा एक जुना डेटालॉगर आहे, अजून अचूक चालतो, पण त्याच्यातली माहिती काढायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं आणि कंपनीने त्याला कधीच सोडून दिलंय. वाइनमध्ये सॉफ्टवेअर एका झटक्यात उघडलं, आनंद झाला, आणि पोर्ट निवडायच्या यादीत फक्त कॉम१ ते कॉम४, चारही निवडून बघितले, डिव्हाइस नॉट फाउंड. तीन रात्री केबल बदल, कन्व्हर्टर बदल. कारण निघालं असं की वाइन मशीनमधल्या टीटीवायएस नावाच्या पोर्टांना ओळीने कॉम१ पासून नंबर देत जातं, आणि लिनक्समध्ये असे ३२ पोर्ट नावापुरते हजर असू शकतात, त्यामुळे यूएसबीवाल्या केबलचा नंबर लागतो थेट कॉम३३. जुन्या सॉफ्टवेअरला कॉम४ च्या पुढे जग आहे हेच माहीत नाही.

उपाय असा. केबल लावा आणि डीमेसेज या कमांडने कर्नलच्या नोंदी बघून तिचं नाव काढा, बहुतेक टीटीवाययूएसबी० (यूएसबी कॅपिटल) असेल, कधी टीटीवायएसीएम० (एसीएम कॅपिटल). मग तुमचा युजर उबुंटू, फेडोरावर डायलआउट ग्रुपमध्ये घाला, आर्चवर त्याला यूयूसीपी म्हणतात, आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर परवानगीच मिळत नाही. मग त्या प्रीफिक्सवर वाइन रेजएडिट उघडा, एचकी लोकल मशीनमध्ये सॉफ्टवेअर, त्यात वाइन, त्यात पोर्ट्स ही की, नसेल तर बनवा. तिथे कॉम१ नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू करून तिच्यात स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाययूएसबी० लिहा. आता वाइनसर्व्हर डॅश के, आणि केबल लावलेली असतानाच प्रोग्राम परत चालू करा. माझा लॉगर पहिल्या झटक्यात बोलला, आणि आजही दर महिन्याला त्याची माहिती याच रस्त्याने येते. सिरियलवर चालणारी बरीच उपकरणं अशी वाचवता येतात, म्हणून कर्नल ड्रायव्हर नाही म्हटल्यावर लगेच हात टेकू नका, उपकरण लिनक्सला सिरियल पोर्ट म्हणून दिसतंय का ते आधी बघा. प्रिंटरला यातलं काहीच लागत नाही, लिनक्समध्ये चालतो तो वाइनमध्ये आपोआप दिसतो.

टर्मिनल नकोच वाटत असेल तर बॉटल्स हा खिडक्या-बटणांवर चालणारा प्रोग्राम वापरा, फ्लॅटहबवरून फ्लॅटपॅक (बाकीच्या सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) म्हणून मिळतं. त्याची कल्पनाच मुळी प्रत्येक प्रोग्रामला वेगळी बाटली अशी आहे, म्हणजे तुमच्याकडून वेगळं घर आपोआप होतं, आणि प्रत्येक बाटलीला वाइनची वेगळी आवृत्तीसुद्धा देता येते. फ्लॅटपॅक असल्यामुळे त्याला तुमची सगळी फोल्डरं दिसत नाहीत, फाइल सापडत नाहीये असं झालं तर फ्लॅटसील या परवानग्यांच्या टूलमधून त्या फोल्डरची परवानगी द्या.

गेम्सचं प्रकरण वेगळं आणि आता खूप सोपं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये वाल्व कंपनीने आपल्या स्टीम या गेम्सच्या दुकानात प्रोटॉन आणलं, म्हणजे वाइनच, पण सोबत डीएक्सव्हीके, जे डायरेक्ट३डी (विंडोजची ग्राफिक्सची पद्धत) ८ ते ११ च्या कॉल्सचं वल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या पद्धतीत रूपांतर करतं, आणि डायरेक्ट३डी १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातातल्या मशीनवर विंडोजचे गेम्स त्याच्यावरच चालतात. जुन्या स्टीममध्ये सेटिंगच्या कम्पॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेम्ससाठी स्टीम प्ले चालू नसेल तर चालू करा, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा आणि वल्कनवाला आहे एवढं बघा, झालं. एखादा गेम चालत नसेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून बघा आणि प्रोटॉनडीबीवर लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. आणि गंमत बघा, स्टीम काय करतं? कम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक गेमच्या नंबरने वेगळा प्रीफिक्स बनवतं. इतके गेम्स सुरळीत चालतात त्यात याचाही वाटा आहे.

एआरएम प्रोसेसर असेल तर मात्र नुसत्या वाइनने भागत नाही, कारण तिथे प्रोसेसरच्या सूचनाच वेगळ्या, त्या बदलून द्यायला बॉक्स६४ किंवा फेक्स असं काहीतरी सोबत लागतं. मॅकवर हेच काम रोझेटा करतं, आणि तिथे रोजचा वापर असेल तर वाइनच्या कामाला पैसा आणि माणसं पुरवणाऱ्या कोडवीव्हर्सचं क्रॉसओव्हर विकत घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, चाचणीची मुदत मिळते तेवढ्यात तुमचा प्रोग्राम चालतो का ते कळतं. उलट दिशेने, म्हणजे विंडोजवर लिनक्सचं सॉफ्टवेअर हवं असेल तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) आहे, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडून डब्ल्यूएसएल डॅश डॅश इन्स्टॉल एवढी एक कमांड पुरते. लिनक्सवर अँड्रॉइडचे अॅप्स हवे असतील तर वेड्रॉइड बघा.

शेवटी काढून टाकायचं कसं, कारण हे कोणी सांगत नाही. प्रोग्रामला वेगळं घर दिलेलं असेल तर वाइनसर्व्हर डॅश के करून ते फोल्डर डिलीट करा, प्रोग्राम गेला, रजिस्ट्री गेली, काही उरत नाही. मात्र ड्राइव्ह_सीच्या आत प्रोग्रामने स्वतःच्या फोल्डरमध्ये तुमचा डेटा ठेवलाय का ते आधी बघून घ्या, हिशोबाची जुनी सॉफ्टवेअर हमखास तिथेच ठेवतात. मेन्यूत नावं उरली तर होममधल्या डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात अॅप्लिकेशन्स, त्यात वाइन या फोल्डरमधून ती काढा. त्याच्याच शेजारी, अॅप्लिकेशन्समध्ये, वाइन-एक्स्टेन्शनने सुरू होणाऱ्या फाइल्स दिसतील, साध्या टेक्स्ट फाइल्स अचानक वाइनच्या नोटपॅडमध्ये उघडायला लागतात त्या यांच्यामुळेच, त्याही उडवा. पुढच्या वेळी नवं घर बनवलं की वाइनसीएफजीमध्ये डेस्कटॉप इंटिग्रेशनच्या टॅबवर फाइल असोसिएशन्सची खूण आधीच काढून ठेवा.